खुणेचा हात

नेफासीतच्या वरच्या वळणावर
समुद्राकडून चढून आलेलं धुकं
रस्त्यातच ठाण मांडून बसलं होतं.
मी पुढे. माझ्या चाकाला चिकटून तू, लुवाम,
तुझ्यामागे बाकीच्या चौघी.
पुढचीनं खड्डा दाखवायचा असतो,
एक हात सोडून, बोट खाली.
वाळू मला दिसली होती.
हात ब्रेकवरून सुटला नाही.

मग आवाज.
लोकांना वाटतं, धाडकन वगैरे होत असेल.
पत्र्याच्या डब्यातून चमचे सांडावेत, तेवढाच होता.
आणि मग खाली दरीत
कुणाच्या तरी शेळ्यांच्या घंटा,
बराच वेळ.

मांडीचं हाड, खुब्याला दोन तडे, डावा खांदा.
डॉक्टर तेकेस्ते म्हणाले, सहा आठवडे पाठीवर,
सायकलचं पुढे बघू.
ते 'बघू' तू भिंतीकडे तोंड करून गिळलंस.

अस्मराचं निम्मं गाव येऊन गेलं.
संत्री, हिंबाशाच्या जाड भाकऱ्या, मरियमच्या देवळातलं पाणी.
सगळ्यांचं एकच, लवकर बरी हो.
तू विचारलंस, लवकर म्हणजे किती किलोमीटर?
त्यानंतर माणसं दारातूनच
तुझ्या आईशी बोलू लागली.

आई दुपारी खोलीतच कॉफी भाजायची.
नर्स धुरावरून ओरडायची
आणि पहिला पेला स्वतःच उचलायची.
आपल्याकडे तिसरी फेरी आशीर्वादाची.
मी दुसरीलाच उठायचे,
सरावाला उशीर होतोय म्हणत.
सराव बंद होता. तुला माहीत होतं.

अकराव्या दिवशी मी रिकाम्या हातानं आले नाही,
संत्रीही आणली नाहीत.
तुझं वाकलेलं मागचं चाक आणलं.
म्हटलं, मला हे सरळ करता येत नाहीये.
यातलं निम्मं खोटं होतं.
तू बघितलंस. चाकाकडे, मग माझ्याकडे, मग चाकाकडे.
उजव्या हाताच्या नखानं
एकेक तार छेडलीस.
टिंग. टिंग. टक.
ही सैल. ही उगाच ताणलीस.
कुणी शिकवलं तुला, खाटकानं?
आयुष्यात इतक्या सुखानं
मी कधी बोलणी खाल्ली नव्हती.

चाक अर्धवट गोल झालं होतं तेव्हा
मी वाळूचं सांगून टाकलं.
तू पुढची तार छेडलीस.
मग म्हणालीस, माहितेय.
मी रस्त्याकडे बघत नाही गं,
तुझ्या खांद्याकडे बघून चालवते.
खांदा हलला होता तुझा.
हलला, आणि परत बसला.

माफ केलं, असं काही म्हणाली नाहीस.
पाना मागितलास.

आज कॉरिडॉर.
खाटेपासून खिडकीपर्यंत बावीस फरश्या,
आईनं आधीच मोजून ठेवलेल्या.
तू वॉकर धरून उभी राहिलीस,
ओठ पांढरे, कपाळावर घाटातला घाम.
मी बाजूला थांबून तुला धरणार होते,
तर म्हणालीस, तिथे काय करतेयस?
पुढे हो.

मी पुढे झाले.
इतकी हळू मी कधी चालले नव्हते,
लग्नाच्या वरातीतसुद्धा.
मागे वॉकरची टक, तुझा श्वास, टक.
नवव्या फरशीवर
साफसफाईवाल्या फ्रेवेनीनं नुकतंच पुसलेलं,
पाणी चमकत होतं.
मी ठरवलं नाही काही.
हातच मागे गेला,
बोट खाली.

टक थांबली.
मग थोडी उजवीकडून, टक.
'मागचा घोळका येतोय,' तू धापा टाकत म्हणालीस,
'असंच चालवलंस तर
शेळ्यासुद्धा पुढे जातील.'

मी मान वळवली नाही.
पुढचीनं वळवायची नसते.
खिडकी सताड उघडी होती,
पठारावरचा गार वारा थेट आत येत होता.
मी कोपर जरा बाहेर काढले,
आणि जमेल तेवढी रुंद झाले.