उंबरे

नकाशावर गावाच्या नावाखाली आकडा असतो.
माणसांचा नाही, उंबऱ्यांचा.
वेरेतेया: त्रेचाळीस.
कागद अडतीस सालचा, घड्यांवर विरलेला,
मागून कुणीतरी जखमेची पट्टी चिकटवलीय.

फाइना लुकीनिच्ना भिंग धरून वाचते.
ज्या नकाशावर तिनं चाळीस वर्षं भूगोल शिकवला
त्यात तिचं गाव नव्हतं.
ज्यात होतं, त्याच्या कोपऱ्यात शिक्का: गुप्त.
आपल्याच परसातली विहीर
कागदावर बघायची तिला बंदी होती.

पुढची आवृत्ती: सव्वीस. मधे युद्ध.
नकाशा वजाबाकी करतो, हातचा कुठं गेला सांगत नाही.
मग नऊ.
मग त्र्याऐंशीचा कागद, आकड्याच्या जागी
तिरप्या अक्षरांत: निर्जन.

आमच्याकडच्या जुन्या दप्तरांत, मी तिला सांगतो,
अशा गावाला बेचिराग लिहीत.
जिथं दिवा लागत नाही ते.
"दिवा?" ती भिंग खाली ठेवते.
"दिवा होता की. क्लावाचा.
क्लावा होती, शेळी होती.
हे मोजायला आले तेव्हा
रानात बेरी वेचायला गेली असणार, दुसरं काय."

शेवटच्या कागदावर घरांचे काळे चौकोनही नाहीत.
नावाआधी दोन अक्षरं आणि टिंब: उर.
म्हणजे, तिचा भाचा गेर्मान सांगतो,
नुसती जागा. नाव आहे, बाकी काही नाही.
माझ्या कानाला ते 'उरलं'सारखं लागतं.
हे मात्र मी बोलत नाही.

गेर्मानची पावरोटीच्या आकाराची गाडी
कोर्शा नदीपाशी थांबते.
नकाशावरचा दुहेरी रेघेचा रस्ता
आता बर्चच्या झाडांनी भरलाय,
मनगटाएवढी, दाट, सरळ.
पाण्यावर निळ्या शाईत: उतार. खोली ०.८. तळ टणक.

"रणगाड्यांसाठी मोजलं होतं," गेर्मान म्हणतो.
"गेला कधी?"
"वासरू गेलं," फाइना लुकीनिच्ना म्हणते.
"मी ओढत होते, ते बसत होतं."
आणि रबरी बूट काढून गेर्मानच्या हातात देते.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे पाय.
घोटा. पोटरी. गुडघा. स्कर्टची कड वर.
आम्ही दोघं काठावर मुक्यासारखे.
मधोमध ती थांबते, टाच आपटून बघते,
आणि वर्गात हजेरी घेतल्यासारखी ओरडते:
"तळ टणक!"

पलीकडे कमरेएवढं गवत.
आग्या जिथं दाट, तिथं घर होतं,
चुलीची राख तिला अजून मानवते.
फाइना लुकीनिच्ना असे पट्टे मोजत जाते,
स्वतःच्या घरापाशी पाऊल हळू करत नाही.
टोकाला, चेरीच्या रानटी झाडाखाली,
एक ओंडका आडवा, मधे झिजून खोलगट.
त्यावर बसून ती त्र्याऐंशीचा कागद
मांडीवर पसरते, पिशवीतलं खोडरबर काढते.
छापील शाई जात नाही. कागद मात्र केसाळ होतो.
मग 'निर्जन'च्या डोक्यावर
पेन्सिलीनं नीट, शाळेच्या अक्षरात: १.

नंतर कडेची खुणांची यादी
वरून खाली बोट फिरवत वाचते.
चर्च, पवनचक्की, चुनाभट्टी,
एकटं झाड, मोडकळीला आलेलं कुंपण.

"शेळीला खूण नाही," ती म्हणते,
आणि पेन्सिलीचं टोक ओठांत धरून
बराच वेळ विचार करते.