माप

गॅलिसियात, प्रांतिक सरकारच्या सुनावणीला
दोसिंदा आली ती गमबूट न बदलताच.
गालिच्यावर खाडीचा काळा चिखल.

पडद्यावर आलेख चढत होता:
लगदा कारखान्याचा विस्तार, चारशे नोकऱ्या,
आणि तळटीपेत, बारीक अक्षरांत, खाडी.

सचिवबाई सौम्य होत्या. म्हणाल्या,
समतोल साधायचाय, आजी.
किती पुरे, तुम्हीच सांगा.

तिनं खिशातून चेपलेलं पितळी कडं काढलं.
यातून निसटेल ती शिंपली वाळूत परत.
चूल थंड असली तरी.
आईनं दिलंय हे.
तुमच्या आलेखाला आहे असलं काही?

कुणीतरी खोकलं.
इतिवृत्तात 'सूचना नोंदवली' एवढंच.

समोरच्या बाकावर, युनियनच्या माणसांत
तिचा ब्राइस, मान खाली घालून.
गेल्या हिवाळ्यात त्याच्याच पगारातून
छप्पर झालं घराचं.
हे ती बोलली नाही. त्यानंही नाही.

परतताना गाडी एकच.
कारखान्याच्या वळणावर तो वास आला,
उकडलेल्या कोबीचा, दरवेळचा.
काच वर करू? त्यानं विचारलं.
असू दे, ती म्हणाली,
आणि कडं अंगठ्यात सरकवत राहिली
सांध्याशी अडकेपर्यंत.