म्हणे

एल आल्तोत पाणी शंभर अंशांवर उकळत नाही.
मला हे ठाऊक होतं,
तरी बारा वर्षं तोच प्रश्न फळ्यावर लिहीत आले
आणि शंभर लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण देत आले.

यंदा नगरपालिकेनं तापमापक पाठवले, तीन.
एक खोक्यातच फुटलेला.
मुलं एक्केचाळीस, शेगडी एक,
खिडकीला काचेऐवजी प्लास्टिक, वाऱ्यानं फडफडणारं.
मी म्हटलं, तळाशी बुडबुडे दिसले म्हणून थांबू नका,
सगळं पाणी खदखदू द्या,
मग डोळा लाल रेषेच्या पातळीत आणा
आणि दिसेल ते लिहा.
दिसेल ते.
खोडायचं झालं तर एकच आडवी रेघ, रबर दप्तरात.

चाळिसांनी लिहिलं: शंभर.
विल्मेर काल्यिसायानं तर शंभर पूर्णांक शून्य,
दशांशचिन्हानं खरेपणा वाढतो असं वाटलं असावं त्याला.
निष्कर्षात कुणी लिहिलं, पाणी रागावलं.
कुणी लिहिलं, प्रयोग फार सुंदर झाला, प्रोफेसोरा.
रागावलं खोडा, मी म्हटलं. सुंदरही.
शंभर मात्र माझ्याच्यानं खोडवेना.
स्वतःच्या डोळ्यांवर एवढा अविश्वास
या मुलांना कुणी शिकवला,
हे विचारायला मला आरसा लागला असता.

एकच वही वेगळी. हुस्ता आपासाची.
तिची आई गुरुवारच्या बाजारात सूप विकते.
"बटाटा इथं शिजता शिजत नाही,
खाली युंगासला मामाकडं गेलं
की मीठ शोधेपर्यंत फुटतो."
हे तिनं चुकीच्या रकान्यात लिहिलं होतं.
आकड्याच्या जागी: साडेशहाऐंशी.
त्याखाली स्पॅनिशमध्ये: पुस्तकात शंभर.
आणि पुढं एकच आयमारा शब्द, सिवा.

म्हणे.

आमच्या भाषेत वाक्य संपता संपता सांगावंच लागतं,
तू पाहिलंस की तुला कुणी सांगितलं.
न पाहिलेलं पाहिल्यासारखं बोललं
तर आत्या पातेल्यावर डाव आपटायची:
तू होतीस का तिथं?
शाळेत शिरताना हे सगळं आम्ही
टोपीसारखं दाराशी काढून ठेवतो.
पुस्तकातलं शंभर म्हणजे शंभर.
कुणी मोजलं, समुद्राकाठी की चार हजार मीटरवर,
तिथलं व्याकरण विचारत नाही.

शंभर कोणी पाहिलं? मी वर्गाला विचारलं.
प्लास्टिक तेवढं फडफडलं.
तापमापक बिघडलाय, विल्मेर म्हणाला.
असेल. तपास.
त्यानं दुसरा लावला. साडेशहाऐंशी.
पाणी बदललं. सत्त्याऐंशीला जरा कमी.
तो बराच वेळ भांड्यात बघत राहिला,
ओळखीच्या माणसानं अचानक
दुसरंच नाव सांगावं तसा.

वर्षअखेरच्या परीक्षेत उत्तर शंभरच आहे.
मी ते लपवलं नाही. कागदावर शंभर लिहा, म्हटलं,
आणि सिवा मनात.
हुस्तानं हात वर केला:
"मनात कशाला?"

घंटा झाली म्हणून सुटले.

रात्री पलंगाखालून कॉलेजची वही काढली.
अनुमापन, तिसरं वाचन: पंचवीस पूर्णांक शून्य.
ब्युरेटमधली पातळी चोवीस पूर्णांक तीनवर थांबली होती.
सरांची सही हवी होती, शेवटची बस सुटणार होती,
आणि आधीची दोन्ही वाचनं पंचवीस.
वीस वर्षांनी त्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी.
शेजारी आजची तारीख घातली.
चोवीस पूर्णांक तीन लिहिलं,
आणि पेन तसंच धरून बसले.
मी होते का तिथं?
होते. पण ती मुलगी आता मला
ऐकूनच माहीत आहे.

म्हणून पुढं लिहिलं, सिवा.