बॉडी अर्थ

सकाळी घाटंजीत ती पहिल्या किल्लीला उठते.
दुपारी पारव्याच्या गोठ्यासमोर
एकदाच म्हणते : टक्.
मग गप्प.

दीड वर्षात तालुक्यातले उतार माझे पाठ झाले.
शिवणीत शाळेमागचा.
कुर्लीत पाण्याच्या टाकीजवळचा, पण तिथे शेळ्या बसतात.
इंझाळ्यात उतारच नाही,
तिथे चार पोरं लागतात
आणि पोरांना बिस्किटांचा पुडा.

यवतमाळच्या एकाने बॅटरी बदलली.
दुसऱ्याने सेल्फ खोलून ब्रश घातले.
तिसऱ्याने किल्लीचं कुलूपच नवं बसवलं.
तिघांच्याही दारात गाडी
शहाण्या मुलीसारखी सुरू झाली.
मी जनावरांची डॉक्टर, मला हे ओळखीचं :
घरी तीन दिवस रवंथ न केलेली म्हैस
दवाखान्याच्या फाटकात शिरताच
माझ्या रजिस्टरकडे बघत चघळू लागते.

शेषराव तोडसामचं दुकान म्हणजे
बाभळीखाली एक टेबल आणि एक पाटी,
'ऑटो वाय ग'. मधलं अक्षर उन्हाने खाल्लेलं.
त्याने बॉनेट उघडायलाही सांगितलं नाही.
"कधी बंद पडते ते लिहून आणा.
टाइम, ऊन, किती चालली, कुठं उभी होती.
तापाचा तक्ता नाई का ठेवत तुमी?"

ठेवते.
कान गरम झाले माझे.

चोवीस दिवसांची वही नेली.
त्यातली एक नोंद :
'एकोणीस तारीख, पावणेतीन, कुर्लीच्या अलीकडे.
वासराचे पाय बाहेर, डोकं मागे वळलेलं, असा निरोप.
टक्.
कुणाच्या तरी फटफटीवर मागे बसून
दोर गळ्यात घालून पोचले.
वासरू आहे. गाय नाही.'
तोडसामने ते दोनदा वाचलं,
बोट ओळीवर ठेवून.
मग पानं उलटत म्हणाला,
"सकाळची एकबी नाई यात.
उद्या दोन वाजता या. पाऊण तास पळवून, तापवून."

तापवून आणली. किल्ली फिरवली.
टक्.
परक्या माणसासमोर, पहिल्यांदाच.
मला इतकं बरं वाटलं
की टाळी वाजवणार होते.

इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडलेल्या,
एवढंच त्याचं अवजार.
एक टोक सेल्फच्या जाड वायरीला, एक इंजिनला.
पेटला.
"येतोय की करंट!"
"हे लेकरू हाय, मॅडम. याले घोटभर पुरते.
सेल्फ पैलवान हाय, त्याले बादली लागते."

मग एक टोक इंजिनच्या अंगावर,
दुसरं बॅटरीच्या मायनसवर.
अंधार.
"इथं अंधारच पायजे. आता मारा किल्ली."
टक्. आणि बल्ब पेटला,
भर उन्हात, पिवळा, ओशाळलेला.

तो गोणपाट टाकून गाडीखाली सरकला.
त्याच्या टाचांच्या भेगांत काळं ग्रीस होतं.
खालून गिअरबॉक्सची पट्टी आली,
कुणीतरी कधीतरी टेप गुंडाळलेली.
टेप कापली तर आत हिरवा भुगा,
आणि तांब्याच्या तीन-चार तारा तेवढ्या
एकमेकींना धरून.
"गार असली का चिकटते. तापली का सुटते.
बॉडी अर्थ गेलता."

तो इंग्रजीतला शब्द बोलला,
मी मराठीतला ऐकला,
आणि त्या उन्हात तोही चालून गेला.

वायर एकशेवीस, मजुरी साठ.
"आणि शोधायचे?"
"शोधलं तं तुमीच. वहीत."

सोमवारी कुर्लीत टाकीजवळ न जाता
गाडी सपाट अंगणात लावली, चिंचेखाली.
गाय गेली त्याच घरचं वासरू
खुंट्याभोवती दोर गुंडाळून अडकून बसलं होतं.
मालकाची सून दारातून म्हणाली,
"काहून बाई, आज उतारावर नाई लावली?"
म्हटलं, आज नाही.
हातमोजे काढले, वासराचा दोर सोडवला,
कान वर करून पिसवा पाहिल्या.
किल्ली मात्र
मुठीतच होती.