साठवणुकीची मुदत

ओउलूच्या नदीवर बर्फ धरू लागला होता
तेव्हा उर्हो किन्नुनेनच्या बियाण्यांच्या दुकानात
मी लॅपटॉप उघडून बसले.
वेबसाइट भाच्याने काढून दिलेली,
गोपनीयता धोरण कुठल्या तरी बूटवाल्यांचं उचललेलं.
त्यात तीनदा आलं होतं: ‘तुमच्या पावलांचं माप’.

विचारलं, ग्राहकांची कोणती माहिती गोळा करता?
तो म्हणाला, कॉफी घेणार?
उद्देश? कायदेशीर आधार? किती काळ ठेवता?
त्याने गल्ल्याखालून वही काढली,
मेणकापडी पुठ्ठ्याची,
आत मुंगीएवढं अक्षर.

‘आहोला. गुडघा धरतो. वेलाच्या शेंगा नकोत, बुटका वाटाणा द्यावा.’
‘तेर्वो. बायको गेली हेलसिंकीला. आता अर्धं पाकीट.’
‘पाळकबाई. शेपू मागते, खसखस नेते.’

मी म्हणाले, हे आरोग्याविषयी आहे, हे कौटुंबिक,
आणि हे तिसरं नेमकं कशात मोडतं मला ठाऊक नाही,
पण संमती कुठाय?
‘त्यांनीच तर सांगितलं.’
माझ्या तक्त्यात असा पर्याय नव्हता.
मी ‘इतर’वर खूण केली.

नवं धोरण लिहिलं. नऊ कलमं, साधे शब्द,
नकाराचं बटण होकाराच्या बटणाएवढंच मोठं.
तळाशी दोन चौकटी:
माझी माहिती मला दाखवा.
माझी माहिती पुसून टाका.
असं कोण मागतंय, उर्हो म्हणाला.

फेब्रुवारीत मागितलं.
हिल्का रौतिओ, वय एक्क्याऐंशी.
कारण द्यायची सक्ती नसते, तरी दिलं:
‘डॉक्टर म्हणतात, हळूहळू सगळं जाईल.
बागेत कुठे काय होतं, तुमच्याकडे लिहिलेलं असेल.’
खूण दोन्ही चौकटींवर.

कायद्याने एक महिना मिळतो.
त्याने अकरा दिवसांत एकोणीस पानं उतरवली, हाताने.
‘१९९६. लाल बीट. मुलाला आवडतं.’
‘२००३. बीट नको म्हणाली. विचारलं नाही.’
‘२००४. पिवळं काहीच नको.’
‘२०११. बीट, एक पाकीट. पैसे द्यायला विसरली, परत आली.’

पानं टपालात पडली. राहिली दुसरी चौकट.
चुकून झाली असेल, म्हणून मीच फोन लावला.
पलीकडून आवाज अगदी खणखणीत:
‘चूक नाही, मुली. एकच प्रत असू दे, माझ्यापाशी.
हरवली तर माझ्याच हातून हरवू दे.’

मग त्याने काळी शाई घेतली.
एकेक ओळ. दुपारभर.
मध्ये एक गिऱ्हाईक येऊन कांद्याची रोपं विचारून गेलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी बिल द्यायला गेले
तर काचेपलीकडे ती, सुनेच्या दंडाला धरून,
छातीशी पानं.
उर्होने पाहिलं.
फळीवरची सूर्यफुलं, झेंडू,
सगळी पिवळी पाकिटं पालथी केली
आणि दार उघडल्यावर परक्यासारखं म्हणाला,
काय देऊ?

ती पानं चाळत राहिली.
त्याचा हात बीटच्या खणाकडे निघाला होता,
वाटेत थांबला, गल्ल्यावर येऊन टेकला.

त्याच्या फायलीतला सातवा रकाना
मी अजून भरलेला नाही.