फीत

दौलत पगारेचा बाप नोटांच्या प्रेसमध्ये,
नाशिकरोडला, तपासणीवर.
दिवसभर कागद उजेडावर धरायचा
आणि आतली खूण उमटलीय का बघायची.
"म्हणून माझं नाव दौलत," तो सांगायचा,
"घरी आणता आली ती एवढीच."

बावीस वर्षं मी त्याचा फोकस सांभाळला.
लेन्सपासून नटाच्या डोळ्यापर्यंत फीत ताणायची,
सात फूट चार. नऊ फूट.
फरशीवर खडूची फुली.
दौलतचा एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्याला,
आणि उजवा हात वर: थांबा,
ढग जाऊ दे.
सगळं युनिट चहावर चहा पीत
एका माणसाच्या तळहाताकडे बघत बसायचं.

सत्तावीस सिनेमे दुसऱ्यांचे.
हिरोइनी म्हणायच्या, दादा, डावीकडून घ्या हं.
घ्यायचा.
पोस्टरवर नाव खालून तिसऱ्या ओळीत,
थिएटरवाले नेमका तिथंच खिळा ठोकायचे.

पन्नाशी उलटली तेव्हा पाथर्डी फाट्याचा प्लॉट विकला,
बायकोची भिशी घातली,
आणि स्वतःचा सिनेमा काढला.
कॅमेरा दिला मृण्मयी दाणी नावाच्या पोरीला.
स्वतः मॉनिटरपुढे खुर्चीत,
हातांचं काय करावं न कळून
कधी मांडीखाली, कधी काखेत.

गोष्ट बापाचीच.
प्रेसच्या गेटवर रोज झडती, एकतीस वर्षं.
निवृत्त झाल्यावरही म्हातारा घराच्या उंबऱ्याशी थांबे,
दोन्ही हात वर करी,
कुणी चाचपलं नाही की मग आत येई.
आई पदर तोंडाला लावून हसायची.
एकदाच हसली नाही.

तो शॉट शेवटच्या दिवशी, क्वार्टर्समध्ये,
ऊन जायला चार मिनिटं.
दोंदेकाका, कामगार नाट्यस्पर्धेतले,
खडूची फुली ओलांडून अर्धा फूट पुढे आले.
माझं बोट मागं राहिलं.
चेहरा पुसट. मागचा नळ मात्र लख्ख,
त्याचा थेंबसुद्धा.
मृण्मयी ओरडली, पुन्हा!
पण ऊन गेलेलं.

मी शिवीची वाट बघत उभा.
याच चुकीला पूर्वी त्यानं माझा डबा भिरकावला होता,
भाजीसकट.

"किती होतं?"
"सहा फूट दोन. पण ते पुढे आले."
बराच वेळ तो मॉनिटरकडे बघत राहिला,
बाप कागद बघायचा, तसा.
"आमचा नाही कधी आला," म्हणाला.
मग म्हणाला, "राहू दे, यासिन."

एक आठवडा चालला. सकाळी अकराचा खेळ.
पहिल्या दिवशी प्रेसचे पेन्शनर, स्वेटर घालून.
तो शॉट आला आणि मधल्या रांगेतून कुणी ओरडलं,
"फोकस! अरे ए, फोकस!"
दुसरा म्हणाला, "गप बस, वामन."
अंधारात दौलतनं मला कोपर मारलं.

सवयीनं खिशात हात गेला.
फीत होतीच.
त्याची खुर्ची ते माझी,
दीड फूट असेल.
मोजलं नाही.