दर फळीचा पाचवा भाग

पहिल्या दिवशी एदुविहिसबाईंनी हातात मोजपट्टी दिली
आणि सांगितलं, दर फळीचा पाचवा भाग मोकळा ठेव.
कुणासाठी, मी विचारलं.
अजून लिहिल्या न गेलेल्या पुस्तकांसाठी, असलं काही
ऐकायची माझी तयारी होती.
त्या म्हणाल्या, बोटं आत जायला नकोत का?
खच्चून भरलं की मुलं कण्याला धरून ओढतात.

पुंता अरेनास. बाहेर वारा असा
की चौकात दोर ताणलेले, माणसांनी धरून चालावं म्हणून.
आत विद्यापीठाचं ग्रंथालय : तीन मजले, गळतीखाली एक बादली,
मेंढ्यांच्या रोगांवर दोनशे बारा पुस्तकं.
कवितेची त्याच्या निम्मीही नाहीत,
पैसा पशुवैद्यक विभागाकडून येतो.

जानेवारीत, सुट्टी लागली की, खुरपणी.
यंत्रातून यादी निघते : बारा वर्षांत कुणी न नेलेली.
बाई यादी घेऊन फळीपाशी जातात,
पुस्तक उघडतात, हुंगतात,
कधी मुकाट्याने परत ठेवतात.
एकदा फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या,
यातलं सगळं खोटं आहे रे,
पण खोटं कसं लिहायचे, ते कुठे शोधणार मग?

नियतकालिकांचं निराळं.
ती हल्ली विकत मिळत नाहीत, भाड्याने मिळतात.
कंपनीने भाडं वाढवलं, डॉलरमध्ये.
बाईंनी तीन रात्री हिशेब केला आणि चौतीस सोडून दिली.
पुस्तक काढलं की फळीवर धुळीची चौकट उरते.
त्या चौतिसांची धूळही नव्हती.
मी फडकं घेऊन उगाच उभा.

एप्रिलात द्राहित्सा यूरिशिच आल्या,
भाच्याच्या टेंपोतून नवऱ्याची चारशे सहा पुस्तकं घेऊन.
अट एकच : सगळी एका कपाटात, वर पितळी पाटी.
पाटी तयारच होती, पिशवीत, घासून लख्ख.

बाईंनी धोरण वाचून दाखवलं, कलम सात :
देणगी बिनअट, निवड ग्रंथालयाची,
उरलेल्यांचं काय करायचं तेही ग्रंथालयच ठरवील.
धोरण त्यांनीच लिहिलेलं,
तरी वाचताना चष्मा दोनदा पुसला.

अकरा ठेवली.
आठ जहाजांच्या इंजिनांवरची, दोन क्रोएशियन व्याकरणं,
आणि एक वही :
धक्क्यावरच्या वाऱ्याच्या नोंदी, एकोणीस वर्षांच्या, पेन्सिलीने.
बाकीची दारापाशी टेबलावर. हवं ते न्या.
चार दिवसांत टेबल पुन्हा टेबल झालं.
पाटीचं काय झालं, मला ठाऊक नाही.

मेमध्ये यूरिशिचबाई परत दारात.
भांडण होणार म्हणून मी बादली बदलायला सटकलो.
त्यांना वाचक-कार्ड हवं होतं.
बाहेरच्यांना वर्षाला बारा हजार पेसो. मोजून दिले.
मग वही मागितली.
घरी नाही नेता येणार, मी म्हणालो, दुर्मिळ आहे.
दुर्मिळ, त्या म्हणाल्या,
आणि जरा वेळाने,
फ्रिजवर पडलेली असायची.

इंजिनाचं एक पुस्तक नेलं शेवटी.
नऊ दिवस उशिरा आणलं.
एदुविहिसबाईंनी दंड घेतला, पूर्ण, पावतीसकट,
आणि यंत्रात तारीख चढली :
आणखी बारा वर्षं हे पुस्तक यादीत येणार नाही.
उशीर मुद्दाम होता की वाऱ्यामुळे,
दोघींपैकी कुणीच बोललं नाही.

मी पान चाळून पाहिलं, नियम आहे.
त्रेपन्नाव्या पानात पावाचा चुरा.
आत्ताचा की त्यांच्या वेळचा, कळेना.
झटकायचा, असाही नियम आहे.

पुस्तक मिटून फळीवर लावलं.
बोटं जात होती.